छपानाच्या यादीत नसलेला रकाना

गंगोत्रीच्या वाटेवर ‘झाला’ नावाचे गाव मागे पडले की भैरोंघाटीपर्यंत भागीरथीच्या दोन्ही अंगांना देवदारांचे दाट रान लागते. त्यातली हजारो झाडे रस्त्याच्या रुंदीकरणाच्या आड येतात, ही बातमी आपल्याकडेही पुष्कळ फिरली, आणि ती फिरावी यात नवल नाही. दर उन्हाळ्यात पुण्या-नाशकातून आणि सांगली-सोलापुरातून चारधामला निघालेली माणसे याच रस्त्याने जातात, याच देवदारांखाली गाडी थांबवून चहा पितात. पण या प्रश्नावर जो वाद चालला आहे तो ज्या दोन वाक्यांभोवती घुटमळतो, ती दोन्ही वाक्ये मला पोकळ वाटतात. एक पक्ष म्हणतो, देवभूमीतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागता कामा नये. दुसरा म्हणतो, एकाच्या जागी दहा लावून देऊ, मग तक्रार कसली? वरवर पाहता ही दोन टोके आहेत, परंतु दोघांचा हिशेब एकाच मापाने चालतो, आणि ते माप म्हणजे झाडांची संख्या. देवदाराचा हिशेब संख्येत मांडता येत नाही, तो वर्षांत मांडावा लागतो. आणि तसा मांडला की ‘एकही नको’ आणि ‘एकाला दहा’ ही दोन्ही उत्तरे सारखीच निकामी ठरतात, असे माझे म्हणणे आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत यात एक जादा अडचण आहे. ‘देवदार’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालय येत नाही, खोके येते. आंब्याच्या पेट्या, काचसामानाची खोकी, घर बदलताना वाण्याकडून मागून आणलेल्या फळ्या, हे सगळे आपल्या बोलण्यात ‘देवदारी’ असते, आणि देवदारी म्हणजे हलके, स्वस्त, एकदा वापरून बंबात घालायचे. पुण्यातल्या एका लाकडाच्या वखारीत मी मुद्दाम देवदार आहे का म्हणून विचारले, तेव्हा मालकाने क्षणाचाही विचार न करता पॅकिंगच्या पाइनच्या ढिगाकडे बोट दाखवले. त्याचे चुकले असे म्हणवत नाही, कारण आपल्या बाजारात तो शब्द पिढ्यानपिढ्या याच अर्थाने चालत आला आहे. खरा देवदार आपल्या घरात यायचा तो खोक्यातून नव्हे, बाळंतकाढ्याच्या पुडीतून. पण ज्या नावाचा अर्थ आपण ‘टाकाऊ लाकूड’ असा करून बसलो आहोत, त्या नावाचे झाड जाणार म्हटल्यावर एकाला दहा हा सौदा आपल्याला फायद्याचा वाटला, तर त्यात आश्चर्य कसले?

खरा देवदार ही निराळीच असामी आहे. अफगाणिस्तानच्या पूर्व भागापासून पश्चिम नेपाळपर्यंत, समुद्रसपाटीपासून साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीच्या पट्ट्यात तो वाढतो. चाळीस-पन्नास मीटर उंची त्याला सहज गाठता येते, क्वचित तो साठ मीटरपर्यंत जातो, आणि जुन्या झाडाच्या बुंध्याचा व्यास तीन मीटरपर्यंत भरतो. तरुणपणी त्याचा आकार देवळाच्या शिखरासारखा निमुळता असतो आणि शेंडा किंचित लवलेला. म्हातारपणी माथा सपाट होऊन आडव्या फांद्यांचे मजले तेवढे उरतात. पाने म्हणजे दोन ते पाच सेंटिमीटरच्या सुया, त्याही आखूड फांदीवर झुबक्याने आलेल्या. याच वाटेवरच्या हर्शीलला उतरत्या ऑक्टोबरात एक पिकलेला शंकू मी हातात घेतला होता. चिडाचा, म्हणजे तिकडच्या पाइनचा, शंकू अख्खाच्या अख्खा खाली पडतो आणि आपण तो शोभेला घरी आणतो; देवदाराचा तसा आणता येत नाही. फांदीवर पिंपासारखा उभा राहून तो वर्षभर पिकतो आणि मग जागच्या जागी सुटा होतो. अंगठ्याने नुसता दाबला तरी पंख्याच्या आकाराचे खवले तळहातावर ओघळले, प्रत्येक खवल्याखाली दोन पंखवाली बिया, आणि शेवटी बोटांत उरली ती मधली नुसती काडी. यातली एखादी बी जिथे रुजेल तिथे बर्फ, गुरे आणि वणवा यांतून वाचली, तर वनशास्त्राच्या जुन्या आराखड्यांप्रमाणे ती तोडणीच्या वयाला येण्यास १२० ते १५० वर्षे लागतात. लाकूड म्हणून उपयोगी पडायला लागणारी ही वर्षे झाली. झाडाचे आयुष्य याहून कितीतरी मोठे असते.

किती मोठे, हे पाहायचे असेल तर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत जावे. तिथल्या लाकडाच्या संग्रहालयात देवदाराच्या बुंध्याचा एक आडवा छेद उभा करून ठेवलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तोडलेल्या त्या झाडाने सातशेहून अधिक पावसाळे पाहिले होते. माणूस त्याच्यापुढे उभा राहतो आणि नकळत बोटाने कडेकडून आत मोजू लागतो. पहिल्या वीतभर अंतरातच इंग्रजी राज्य संपते, मग शिवकाल येतो, आणि बोट मध्याच्या जवळ पोचते तेव्हा नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात असते. हा माझा भाबडा खेळ झाला, परंतु शास्त्रज्ञांनी तो काटेकोरपणे खेळलेला आहे. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील संशोधकांनी पश्चिम हिमालयातल्या देवदारांची वलये एकमेकांशी जुळवून हजार वर्षांहून लांब असा कालक्रम उभा केला आहे, आणि ज्या काळात पर्जन्यमापक नव्हते त्या काळातल्या हवामानाचा अंदाज त्यावरून बांधता येतो. गंगोत्रीच्या खोऱ्यात उभी असलेली ही झाडे म्हणजे अशी एकेक वही आहे.

आता रस्त्याच्या बाजूचे म्हणणे, कारण ते हलके नाही. हा रस्ता केवळ यात्रेकरूंचा नाही. भैरोंघाटीच्या पुढे नेलांगचे खोरे आणि चीनची सीमा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये डोंगरी रस्त्यासाठी साडेपाच मीटर रुंदी पुरे मानली होती, आणि त्याच न्यायालयाने १४ डिसेंबर २०२१ रोजी संरक्षणाची गरज मान्य करून दुपदरी रस्त्याला परवानगी दिली. सैन्याला काय लागते हे पुण्यात बसून मी ठरवू शकत नाही. दुसरे असे की, त्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला अडलेल्या बाळंतिणीला उत्तरकाशीला न्यायचे असते, सफरचंदे बाजारात पोचवायची असतात. ‘डोंगरात रस्ते कशाला’ असे त्याला सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या दारातला डांबरी रस्ता उखडून दाखवावा. आणि तिसरी गोष्ट झाडांच्या कैवाऱ्यांना रुचणार नाही. ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगंगेच्या ओढ्यातून उतरलेल्या राड्यारोड्याने याच वाटेवरचे धराली गाव गाडले गेले, तेव्हा ‘झाडे तोडल्याचा हा परिणाम’ असे लगोलग लिहिले गेले. तो लोंढा फार वरच्या उतारांवरून आला होता, आणि गावाभोवती दुप्पट देवदार असते तरी तो अडला असता असे मला वाटत नाही. वाईट घटनेचा पुरावा आपल्या बाजूने वाकवला की पुढे खऱ्या पुराव्यालाही कोणी विचारत नाही.

एवढे मान्य करूनही ‘एकाला दहा’ हा युक्तिवाद टिकत नाही. कारण ज्या कायद्याने भरपाईचे वनीकरण आले तो कायदा झाड ही अदलाबदल करता येणारी वस्तू मानतो. तीनशे वर्षांचा एक देवदार गेला आणि त्याच्या मोबदल्यात दहा रोपे लावली, दहाच्या दहा जगली असेही समजू. तरी पहिल्याच्या जागी पहिल्यासारखे काही उभे राहायला इसवी सन २३२५ उजाडावे लागेल. तोवर तो उतार कोणी धरून ठेवायचा? हर्शीलचे खोरे हिमनद्यांनी आणि हिमलोटांनी आणून टाकलेल्या सैल दगडमातीवर वसलेले आहे. तिथे रस्ता रुंद करायचा म्हणजे डोंगराचा पाय कापायचा, आणि त्याच वेळी वरची माती जाळ्यासारखी धरून ठेवणारी मुळे काढून घ्यायची. रोपे तर बहुधा त्या उतारावर लागतच नाहीत. जिथे मोकळी जागा मिळेल तिथे लागतात. मोठी झाडे मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याची कल्पनाही मधूनमधून पुढे येते. सपाट शहरातला गुलमोहर यंत्राने उचलून नेण्याचे प्रयोगही आपल्याकडे फारसे अभिमानाने सांगण्यासारखे झालेले नाहीत. मग चाळीस मीटरचा देवदार, खडकांत मुळे गुंतलेली असताना, घाटाच्या कडेवरून कोण आणि कसा उचलणार? २०१९ मध्ये आरेच्या कारशेडच्या वेळीही आपण आकड्यांवरच भांडलो, किती तोडली आणि किती लावली यावर. कोणत्या वयाची, हा प्रश्न तेव्हाही क्वचितच कोणी विचारला.

पण मग ‘एकही नको’ म्हणणारे बरोबर ठरतात का? माझ्या मते त्यांनी देवदाराचा अर्धाच इतिहास वाचला आहे. मनालीचे हिडिंबेचे मंदिर १५५३ साली राजा बहादूरसिंहाने बांधले ते देवदारात, आणि ते उभे आहे तेही देवदारांच्या राईत; देवळाला लाकूड लागते म्हणून रान संपले नाही आणि रान पवित्र म्हणून देऊळ अडले नाही. श्रीनगरच्या जामा मशिदीचे छत देवदाराच्या ३७८ खांबांवर तोललेले आहे. दल सरोवरातल्या हाउसबोटी आणि झेलमवरचे जुने पूल देवदाराचे, कारण या लाकडाच्या गाभ्यात जे सुगंधी तेल असते ते वाळवीला आणि बुरशीला मानवत नाही, आणि पाण्यातही ते लवकर कुजत नाही. यमुनेच्या खोऱ्यात कोटी बनाल पद्धतीची चार-पाच मजली घरे आहेत. दगडाचे थर आणि देवदाराचे वासे आलटून पालटून रचलेली. शेकडो वर्षे आणि किती तरी भूकंप त्यांनी सोसले, १९९१ चा उत्तरकाशीचा भूकंप धरून. आज त्या खोऱ्यांत उतारावर सिमेंटचे खांब उभे राहताना दिसतात. चारचौघांसारखे पक्के घर हवे ही हौस याला कारण आहेच, पण गावकऱ्याला हक्काचे लाकूड मिळणे दुरापास्त झाले हेही कारण आहे. ज्याला आपण झाड वाचवणे म्हणतो त्यातून एखादे कच्चे बांधलेले काँक्रीटचे घर जन्माला येत असेल, तर ती बचत कोणाच्या खात्यावर मांडायची?

चिपकोचे नाव या वादात फार घेतले जाते, म्हणून त्याची सुरुवात आठवून पाहावी. १९७३ मध्ये मंडल गावात ठिणगी पडली ती अंगूच्या झाडांवरून. चंडीप्रसाद भट्टांच्या संस्थेने शेतीची अवजारे करण्यासाठी थोडी झाडे मागितली होती. वनखात्याने ती नाकारली आणि दूरच्या शहरातल्या खेळसाहित्याच्या कारखान्याला देऊन टाकली. म्हणजे ‘लाकूड नको’ ही ती मागणी नव्हती. नांगराचे जू आधी की टेनिसची रॅकेट आधी, हा तो प्रश्न होता. पुढच्या वर्षी रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या, ते चित्र जगभर गेले आणि मंडलचा प्रश्न त्या चित्रामागे झाकला गेला. १९८१ मध्ये एक हजार मीटरच्या वरच्या हिरव्या झाडांची व्यापारी तोड बंद झाली, याचे श्रेय त्या आंदोलनाला आहेच. मात्र जूवाल्याचे काय झाले, हे विचारायचे राहूनच गेले.

माझ्या मते उपयोगाची एकच कसोटी आहे: झाडाला जितकी वर्षे लागली, वस्तू त्याच्या जवळपास तरी टिकते का? हिडिंबेचे मंदिर या कसोटीला उतरते, कोटी बनालचे घर उतरते. या कसोटीला जे उतरले नाही त्याचेही उदाहरण हिमालयातच आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढच्या काही दशकांत या देशात रुळांचे जाळे पसरले. प्रत्येक मैलाला पावणेदोन-दोन हजार स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, लागत, आणि कोणताही रासायनिक लेप न देता रुळाखाली टिकतील अशी लाकडे मोजून तीन होती: साग, साल आणि देवदार. फ्रेडरिक विल्सन नावाच्या, सैन्य सोडून आलेल्या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जंगलाचा ठेका घेतला आणि हर्शीलचे देवदार भागीरथीत सोडून हरिद्वारला काढायला सुरुवात केली. त्या भागात त्याला अजून ‘पहाडी विल्सन’ म्हणतात आणि त्याने आणलेल्या सफरचंदाला ‘विल्सन’. १८६५ मध्ये इंग्रज सरकारने टिहरीची जंगले वीस वर्षांच्या करारावर स्वतःच घेतली, आणि १८६९ ते १८८५ या काळात एकट्या यमुनेच्या खोऱ्यातून पासष्ट लाखांहून अधिक स्लीपर निघाले. एक स्लीपर रुळाखाली बारा-चौदा वर्षे टिके. दीडशे वर्षांचे झाड बारा वर्षांत संपवायचे आणि मग पुढच्या झाडाकडे वळायचे, याला व्यापार म्हणा, विकास म्हणा. देवदाराच्या घड्याळात ती निव्वळ उधळपट्टी होती.

गंमत अशी की, ही उधळपट्टी जंगलरक्षणाच्या नावाने झाली. १८७८ च्या वन कायद्याने जंगले ‘राखीव’ केली ती गावकऱ्यांपासून. टिहरीच्या रंवाई भागात याच राखीवपणाविरुद्ध जमलेल्या लोकांवर ३० मे १९३० रोजी तिलाडीच्या मैदानात राजाच्या सैन्याने गोळ्या झाडल्या. याहून जुना दाखला हवा असेल तर देवदाराच्या लेबनॉनमधल्या सख्ख्या भावाकडे पाहावे. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनने तिथल्या डोंगरांतल्या खडकांवर लेख कोरून चार जातींची झाडे स्वतःसाठी राखून ठेवली. ते लेख आजही वाचता येतात. राने मात्र बहुतेक ठिकाणी उरली नाहीत, आणि ब्शर्रीच्या वर जी एक राई शिल्लक राहिली तिला १८७६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पैशाने भिंत घालावी लागली. राखणदार दूर असला की राखीव रानाचे काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आपल्या सह्याद्रीतली देवराई पाहिली तर राखणदार जवळ असण्याचा अर्थ कळतो. देवराईत काठी मोडायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. देवळाचा वासा बदलायची वेळ आली की देवाला कौल लावून तिथलेच झाड घेतात, हे थोड्यांना ठाऊक असते. देवदाराला देव म्हणणाऱ्यांसाठी संस्कृतातलाच एक दाखला देतो. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंह दिलीप राजाला समोरचा देवदार दाखवून म्हणतो, ‘पुत्रीकृतोऽसौ वृषभध्वजेन’. शंकराने याला पुत्र मानले आहे. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली तेव्हा पार्वती अशी कळवळली की जणू असुरांच्या अस्त्रांनी स्कंदच घायाळ झाला. (देवदारांच्या उंचीवर हत्ती कसा चढला, हे कालिदासालाच विचारावे लागेल.) कवीने देवदाराला देव केले नाही, मुलगा केले, आणि पार्वतीने त्याला सोन्याच्या कलशांनी पाणी घालून वाढवले. मुलाची पूजा करत नाहीत. त्याचे वय लक्षात ठेवतात.

तेव्हा गंगोत्रीच्या रस्त्याबद्दल माझे म्हणणे असे. गोमुख ते उत्तरकाशी हा शंभर किलोमीटरचा पट्टा २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झालेला आहे. तिथे रुंदी सरसकट ठरवू नये. जिथे उतार पक्का आहे आणि झाडे तरुण आहेत तिथे रस्ता हवा तर रुंद करावा. जिथे जुने देवदार सैल उतार धरून उभे आहेत तिथे तो साडेपाच मीटरचा राहू द्यावा आणि समोरासमोर आलेल्या गाड्यांसाठी मधूनमधून जागा काढावी. लष्कराच्या गाड्या दरड कोसळलेल्या दहा मीटरच्या रस्त्यापेक्षा शाबूत असलेल्या अरुंद रस्त्याने लवकर पोचतील, हे समजायला सेनापती असावे लागत नाही. आणि जी झाडे खरोखर काढावी लागतील त्यांचे लाकूड लिलावाने मैदानात न धाडता, धरालीत घरे गमावलेल्यांना आणि नदीपलीकडच्या मुखब्यातली जुनी लाकडी घरे सावरणाऱ्यांना द्यावे.

मात्र कोणती झाडे जुनी आणि कोणती तरुण, हे आज यादीवरून कळतच नाही. झाडे तोडण्याआधी त्यांची निशाणी करतात त्याला तिकडे ‘छपान’ म्हणतात. वनखात्याची माणसे बुंध्यावरची साल थोडी तासून घणाची मोहोर उठवतात, क्रमांक घालतात, आणि यादीत झाडाची जात, छातीइतक्या उंचीवरचा घेर आणि त्यावरून निघणारे घनफळ लिहितात. वयाचा रकाना नाही. घेरावरून वय कळत नाही, कारण खडकाळ उतारावरचा देवदार दोनशे वर्षांतही मांडीएवढाच राहू शकतो आणि ओढ्याकाठचा ऐंशी वर्षांत कवेत मावेनासा होतो. वलये मोजणारे संशोधक एक पोकळ गिरमिट वापरतात. हाताने फिरवून ते बुंध्यात घातले की पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर येते, झाड उभेच राहते आणि भोक राळेने भरून येते. ती कांडी खाचेच्या पट्टीत चिकटवून घासली की भिंगाखाली वर्षे मोजता येतात. हे प्रत्येक निशाणी केलेल्या देवदाराचे करावे, यादीत घेराच्या शेजारी ते वर्ष लिहावे, बुंधा आतून कुजून पोकळ निघाला तर ‘किमान साडेतीनशे’ असे लिहावे, ती यादी हर्शील, धराली आणि मुखब्याच्या ग्रामसभांत वाचून दाखवावी, आणि मग रस्ता किती मीटरचा हवा याची सुनावणी घ्यावी.